मेलुहाचा एवढा गाजावाजा झाला, पण पुस्तक तेवढं भारी आहे का?

तुमच्या घरात नववी-दहावीतलं कुणी असेल, तर पाठमोऱ्या, पिळदार शिवाचं चित्र असलेलं ते पुस्तक तुम्ही पाहिलंच असेल. नसेल पाहिलं, तर लवकरच दिसेल. अमिश त्रिपाठी यांचं ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ २०१० साली आलं. तेव्हा ते वाचणारी शाळकरी मुलं आज नोकरीला लागली आहेत आणि त्यांची भाचरं-पुतणे आता तेच पुस्तक मागताहेत. इथे बेंगळुरूत चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या-नव्या पुस्तकांच्या दुकानांत फिरलात, तर कुठल्या ना कुठल्या फळीवर ते सापडतंच.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलंय. त्यामुळे ओळखीतले मराठी आईबाबा मला हा प्रश्न हमखास विचारतात: ‘एवढं नाव ऐकलंय, पोराला देऊ का?’ यामागे आणखी एक प्रश्न लपलेला असतो. आपली मुलं घरी मराठी बोलतात, खाली खेळायला गेली की कन्नड आणि वाचायला बसली की इंग्रजी. आजीच्या तोंडून शंकर-पार्वतीच्या गोष्टी ऐकायला आजी जवळ नाही, ती सांगलीला किंवा बेळगावला. मग शंकराची पहिली सविस्तर ओळख जर या पुस्तकातून होणार असेल, तर ती चालेल का? म्हणून आज गाजावाजा बाजूला ठेवून पुस्तकाबद्दल बोलू या. रहस्यं फोडणार नाही, काळजी नको.

आधी एक खुलासा. हे पुस्तक ‘किशोरांसाठी’ असा शिक्का मारून आलेलं नाही. पण अद्भुत कथा, तरुण नायक, लढाया, प्रेम आणि ‘तूच तो, ज्याची आम्ही वाट बघत होतो’ अशी भविष्यवाणी, हा सगळा मसाला किशोरांना आवडणाराच. ते त्यांनी आपलंसं केलंय, तेव्हा त्यांच्याच बाजूने ते तपासायला हवं.

गाजावाजा झाला कसा?

ही गोष्ट पुस्तकाइतकीच रंजक आहे. अमिश हे मुंबईत जन्मलेले, कोलकात्याच्या आय.आय.एम.मधून शिकलेले, बँक आणि विमा क्षेत्रात नोकरी करणारे गृहस्थ. घरी टीव्हीवरच्या एका कार्यक्रमावरून चर्चा निघाली, की आपल्याकडे ‘देव’ चांगले आणि ‘असुर’ वाईट, पण प्राचीन इराणी लोकांकडे बरोब्बर उलटं: ‘अहुर’ पूज्य आणि ‘दएव’ दुष्ट. मग खरं वाईट कोण? या प्रश्नावर त्यांनी आधी एक तात्त्विक लेखनच करायला घेतलं. घरच्यांनी सुचवलं, यापेक्षा गोष्ट लिही. ती गोष्ट म्हणजे मेलुहा.

अनेक प्रकाशकांनी ती नाकारली. शेवटी त्यांचे साहित्यिक एजंट अनुज बाहरी यांनीच ती छापायचं ठरवलं आणि अमिश यांनी जाहिरातीची बाजू उचलली. इथे मार्केटिंगवाल्याचं डोकं चाललं. पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांतून फुकट वाटलं. पुस्तकाचा ट्रेलर बनवून यूट्यूबवर टाकला. सिनेमाचा असतो तसा पुस्तकाचा ट्रेलर, ही गोष्ट तेव्हा आपल्याकडे नवलाचीच होती. पुस्तक धडाधड खपलं, मग वेस्टलँड या प्रकाशनाने ते घेतलं. दुसरा भाग ‘द सीक्रेट ऑफ द नागाज’ २०११ मध्ये, तिसरा ‘द ओथ ऑफ द वायुपुत्राज’ २०१३ मध्ये आला. तिसऱ्याच्या वेळी तर तौफिक कुरेशी, सोनू निगम अशा कलाकारांना घेऊन गाण्यांचा अल्बमही काढला. त्याच वर्षी पुढच्या मालिकेसाठी वेस्टलँडने त्यांना पाच कोटी रुपयांची आगाऊ रक्कम देऊ केली. तोवर त्या मालिकेचा विषयही जाहीर झालेला नव्हता! करण जोहरने सिनेमाची घोषणा केली होती. पडद्यावर मात्र मेलुहा अजून अवतरलेलं नाही.

जाताजाता एक बेंगळुरूची गंमत. वेस्टलँड पुढे ॲमेझॉनकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲमेझॉनने ते बंद करायचं जाहीर केलं. पुस्तकं बाजारातून नाहीशी होणार म्हणून वाचकांची खरेदीची धांदल उडाली. काही महिन्यांतच वेस्टलँडच्या मंडळींनी आपल्या बेंगळुरूच्या ‘प्रतिलिपी’शी हातमिळवणी करून पुन्हा सुरुवात केली. अमिश यांची पुस्तकं मात्र हार्परकॉलिन्सकडे गेली. म्हणून जुन्या आणि नव्या प्रतींवर प्रकाशकाचं नाव वेगळं दिसलं तर गोंधळून जाऊ नका.

गोष्ट काय आहे?

इसवी सनापूर्वी १९०० चा काळ. तिबेटात मानसरोवराच्या काठी गुण नावाची टोळी राहते. तिचा तरुण म्होरक्या शिव. शेजारच्या टोळ्यांशी रोजची मारामारी, पाण्यासाठी आणि जागेसाठी. कंटाळलाय बिचारा. तेवढ्यात मेलुहा नावाच्या श्रीमंत, शिस्तबद्ध देशाचा सरदार नंदी आमंत्रण घेऊन येतो, की आमच्याकडे राहायला या. टोळी काश्मीरमध्ये उतरते. तिथे सगळ्यांना सोमरस पाजला जातो आणि शिवाचा गळा निळा होतो. मेलुहाचे लोक थक्क होतात, कारण ‘नीलकंठ येईल आणि आपल्याला वाचवेल’ अशी त्यांच्याकडे जुनी श्रद्धा. शिव चक्रावतो. कालपर्यंत चिलीम ओढत बसणारा आपला हा गडी आज एकदम तारणहार!

इथून पुस्तक पकडतं ते सोडत नाही. राजा दक्ष, त्याची मुलगी सती, सेनापती पर्वतेश्वर, वैद्य आयुर्वती, शास्त्रज्ञ बृहस्पती ही नावं ओळखीची, पण माणसं नवीन. सूर्यवंशी मेलुहा आणि पलीकडचा चंद्रवंशी स्वद्वीप यांचं वैर आहे. मधूनच बुरखाधारी नागा हल्ले करतात. मला सगळ्यात आवडलेली कल्पना म्हणजे ‘महादेव’ आणि ‘विष्णू’ ही इथे माणसांची नावं नाहीत, पदव्या आहेत. राम होऊन गेला, तो सातवा विष्णू. शिवाच्या आधी रुद्र नावाचा महादेव होऊन गेला. म्हणजे देव जन्माला येत नाही, कर्तृत्वाने ते पद मिळतं. ‘हर हर महादेव’ या घोषणेचा अर्थही पुस्तकात असाच लावलाय, की आपल्यातला प्रत्येक जण महादेव. व्याकरणाच्या मास्तरांना हे पटणार नाही. पण ज्या घोषणेने आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या लढाया दुमदुमतात, तिच्याकडे पोरं पुन्हा वळून बघतात, हे काही वाईट नाही.

आणि हा शिव खरंच माणूस आहे. लहानपणी एका बाईची मदतीची हाक ऐकूनही तो घाबरून पळाला होता. तो प्रसंग त्याला स्वप्नात छळतो. ‘ज्याला लोक देव म्हणतात, तो मनातून स्वतःला भित्रा समजतो’, हे चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला नेमकं भिडतं. त्या वयात आपल्यालाही सगळे काहीतरी समजत असतात आणि आपण आतून वेगळेच असतो.

विकर्माचा धागा

आता या पुस्तकातला सगळ्यात मोलाचा भाग. मेलुहात ‘विकर्म’ नावाचा कायदा आहे. ज्यांच्यावर मोठी आपत्ती कोसळते, त्यांनी मागच्या जन्मी पाप केलं असणार, असं मानून त्यांना समाजापासून बाजूला ठेवतात. त्यांचा स्पर्श झाला तर शुद्धीकरण करावं लागतं. सती ही राजाची मुलगी, तलवारबाजीत भल्याभल्यांना भारी, पण तीही विकर्म. का? तर तिचं मूल मृत जन्मलं आणि त्याच दिवशी नवराही गेला.

तुम्ही हे वाचताना थांबलात ना? मीही थांबले. विधवेला अपशकुनी म्हणणं आपल्या पणजीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. आणि स्पर्शाचं म्हणाल, तर १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी नंतर ते तळं ‘शुद्ध’ करून घेतलं होतं. हे ज्या मुलांनी धड्यात चार ओळींत वाचलंय, त्यांना मेलुहातल्या सतीमुळे त्याचा राग येतो. स्वच्छ रस्ते, चोख कायदा, सगळं जागच्या जागी, असा हा आदर्श देश आणि त्याच्या पोटात हा अन्याय! आणि सती स्वतः तो कायदा न्याय्यच मानते. अन्याय सोसणाऱ्याच्याही मनात तो अन्याय किती खोल रुजतो, हे अमिश यांनी अचूक पकडलंय.

पण इथेच माझी तक्रारही आहे. हा कायदा मोडतो कसा? नीलकंठाच्या शब्दावर. त्याला सतीशी लग्न करायचंय, तो देवासारखा मानला जातो, राजा मान डोलावतो, झालं. द्रपकू नावाचा विकर्म योद्धा आणि त्याची तुकडी रणात उतरते तो भाग चांगला आहे, पण या माणसांचं स्वतःचं म्हणणं, त्यांची चिडचिड, त्यांची एकजूट कुठे दिसत नाही. कुणीतरी मोठा येतो आणि त्यांना सोडवतो. महाडला तसं झालं नव्हतं, तिथे लोक स्वतः तळ्यावर चालत गेले होते. घरात कुणी हे पुस्तक वाचत असेल तर या एका मुद्द्यावर त्याच्याशी जरूर बोला. जेवताना बोललात तर जेवण गार होईल, एवढं नक्की.

भाषा? हं...

खरं सांगायचं तर इथे पुस्तक कमी पडतं. इंग्रजी अगदी साधं, ऑफिसच्या ई-मेलइतकं साधं. इसवी सनापूर्वीची माणसं आजच्या कॉलेजातल्यासारखी शिव्या घालतात, विनोद करतात. काही ठिकाणी ते गोड वाटतं. पण सती दिसली की शिवाचं हृदय दर वेळी त्याच पद्धतीने धडधडतं आणि वर्णनाला तेच ते शब्द येतात. पात्रं एकमेकांना देशाची व्यवस्था समजावून सांगतात तेव्हा तर नागरिकशास्त्राचा तास चाललाय असं वाटतं. मूल जन्मल्यावर त्याला आईबापांपासून वेगळं करून राज्याने वाढवायचं आणि परीक्षा घेऊन मग त्याचा वर्ण ठरवायचा, ही ‘मायका’ पद्धत डोक्याला चालना देणारी आहे. पण ती सांगितली जाते, घडताना दिसत नाही.

मात्र याच साधेपणामुळे ज्यांनी आयुष्यात एकही जाड इंग्रजी पुस्तक संपवलं नव्हतं, अशांनी हे संपवलं. माझ्याच ओळखीत असे तिघं आहेत, त्यातले दोघं इंजिनिअर. ज्याला वाचनाची गोडी लावायचीय त्याच्यासाठी ही मोठी जमेची बाजू. ज्याला आधीच गोडी आहे आणि सुंदर वाक्यावर थांबायची सवय आहे, त्याला सपक लागेल.

मराठीत ‘मेलुहाचे मृत्युंजय’ या नावाने अनुवाद आहे. आईबाबा, तुम्ही तो वाचा आणि मुलांना इंग्रजी वाचू द्या, असं मी सुचवेन. इंग्रजी आवृत्तीत शेवटी शब्दार्थांची यादी द्यावी लागली आहे. सोमरस, चंद्रवंशी, अग्निपरीक्षा हे शब्द आपल्याला यादीतून शिकावे लागत नाहीत. मुलांना लागू शकतात. तेवढ्या निमित्ताने घरात चार मराठी शब्दांची देवाणघेवाण होईल.

आपल्याला हे नवं आहे का?

‘देवांना माणूस करून दाखवलं’ या गोष्टीचं देशभर जे कौतुक झालं, त्यावर मराठी वाचकाने थोडं गालात हसायला हरकत नाही. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची, त्यात कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, वृषाली बोलते, दुर्योधनही बोलतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या माणसांना देवपणाची झूल काढून समोर उभं केलं. आणि आपण राहतो त्या कर्नाटकात एस. एल. भैरप्पांनी १९७९ साली ‘पर्व’ लिहिलं, ज्यात चमत्कार नाहीतच, फक्त थकलेली, हट्टी, दुःखी माणसं आहेत. उमा कुलकर्णी यांच्यामुळे ते मराठीतही वाचता येतं.

या पुस्तकांशी तुलना केली तर मेलुहा उथळ वाटेल. पण तुलना थोडी अन्यायाची आहे. ‘पर्व’ हातात घेणारा तेरा वर्षांचा मुलगा मी तरी अजून पाहिलेला नाही. मेलुहा हा पोहायला शिकताना कमरेला बांधायचा डबा आहे. मला खटकतं ते एवढंच, की जाहिरातीने त्याला विहीर म्हणून विकलं.

खरं किती, खोटं किती?

हा भाग पालकांनी नीट वाचा. ‘मेलुहा’ हा शब्द अमिश यांनी मनाने घडवलेला नाही. प्राचीन मेसोपोटेमियातल्या लेखांत ‘मेलुह्हा’ नावाच्या दूरच्या प्रदेशाशी व्यापार होत असल्याचे उल्लेख आहेत आणि बरेच अभ्यासक तो प्रदेश म्हणजे सिंधू संस्कृती मानतात. पुस्तकाचा काळही विचार करून निवडलाय, कारण साधारण इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारासच सिंधूकाठची मोठी शहरं ओस पडायला लागली. पण त्यापुढचं सगळं कल्पना. सिंधू लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, त्यामुळे तिथल्या राजांची नावं, कायदे, देव यांबद्दल कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मोहेंजोदारो हे नाव पुस्तकात ‘मोहन’ नावाच्या तत्त्वज्ञावरून आलंय. सिंधी भाषेत त्या नावाचा अर्थ साधारण ‘मेलेल्यांची टेकडी’ असा सांगतात. सोमरस म्हातारपण कसं रोखतो हे बृहस्पती ऑक्सिडेशनच्या भाषेत समजावतो तेव्हा मुलांचे डोळे चमकतात. चमकू द्या. फक्त तेच पान ‘आपल्या पूर्वजांचं विज्ञान’ म्हणून फॅमिली ग्रुपवर फिरू देऊ नका. लेखकाने ही कादंबरी म्हणून लिहिली आहे, आपण ती तशीच वाचावी.

मुलांना खरी वस्तू दाखवायची असेल तर मेलुहासाठी पाकिस्तानात जायला नको. अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचं गाव आहे. १९७४ मध्ये तिथे काशाच्या चार अप्रतिम वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. उत्तर-हडप्पा काळातले लोक इतक्या दक्षिणेपर्यंत वस्ती करून होते. रथाचा फोटो मुलांना मोबाईलवर दाखवा. रथात उभा असलेला तो सडसडीत माणूस मला पुस्तकातल्या सगळ्या सेनापतींपेक्षा जास्त जिवंत वाटतो.

मग तिन्ही भाग वाचायचे का?

पहिला भाग वाचा. तो जाहिरातीइतका थोर नाही, पण ज्या मुलाच्या हाती पडेल त्याला तो जागं ठेवेल आणि प्रश्न विचारायला लावेल. दुसरा माझ्या मते तिन्हींत सरस. नागांचं कोडं तिथे उलगडत जातं आणि त्यांची राजधानी चक्क पंचवटी आहे. नाशिकला मामाकडे जाणाऱ्या मुलांना हे वाचून काय वाटेल बघा! ‘वाईट म्हणजे समोरचे लोक’ हे पहिल्या भागातलं सोपं उत्तर दुसऱ्यात पार विस्कटतं. ज्या प्रश्नापासून अमिश यांनी लिहायला सुरुवात केली, तो इथे खऱ्या अर्थाने टोचतो. तिसरा भाग मात्र सगळ्यात जाडजूड आणि सगळ्यात दमवणारा. कुठलं सैन्य कुठल्या नदीने कुठे निघालं याचा हिशेब ठेवता ठेवता मी दोनदा पुस्तक बाजूला ठेवलं. शेवट धाडसी आहे, त्याबद्दल मात्र त्यांना दाद.

वयाचं म्हणाल तर तेरा-चौदाच्या आधी देऊ नये असं मला वाटतं. चिलीम हा मुद्दा किरकोळ, शंकराच्या गोष्टीत ती यायचीच. पण शिवाच्या त्या जुन्या आठवणीत बाईवर होणारा अत्याचार आहे आणि पुढच्या भागांत मारामारी बरीच रक्तरंजित होत जाते. लहान भावंडं मागे लागली तर मानसरोवर ते निळा गळा एवढा भाग तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, मराठीतून.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पहिला भाग असा ऐन मोक्यावर तुटतो की वाचणारं पोर किंचाळत खोलीतून बाहेर येतं. तेव्हा दुसरा भाग आधीच घरात आणून ठेवा आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पहिला हातात देऊ नका.